कायद्याच्या शिक्षणाचे दार : झाशीच्या वकिलापासून आजच्या प्रवेश परीक्षेपर्यंत

१. प्रस्तावना



बारावीनंतर कायद्याचे शिक्षण घ्यायचे ठरवले की पहिली अडचण प्रवेश परीक्षेची असते. कोणती परीक्षा द्यायची? कोणत्या भाषेत? शिकवणी लावायची की घरी बसून अभ्यास करायचा? पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर एक वर्ष थांबायचे की मिळेल तिथे प्रवेश घ्यायचा? तुमच्यापैकी काहींनी हे प्रश्न मागच्याच वर्षी सोडवले असतील. काही जण पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आत्ता ते सोडवत असतील.

हे प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. भारतात वकिली करू इच्छिणाऱ्यांना गेली सव्वादोनशे वर्षे कोणते ना कोणते दार ओलांडावे लागले आहे. कधी ते सनदेचे होते, कधी परीक्षेचे, कधी विलायतेच्या प्रवासखर्चाचे. या पाठात आपण त्या दारांचा इतिहास पाहू. सुरुवात झाशीपासून करू, कारण परक्या सत्तेपुढे आपली बाजू मांडायला माणूस मिळणे किती अवघड असते, हे तिथे १८५४ साली स्पष्ट दिसले.

पाठाचा मुख्य मुद्दा असा : कायद्याच्या क्षेत्रात प्रवेश देणारी कोणतीही परीक्षा दोन गोष्टी मोजते. एक, त्या कामाला खरोखर लागणारे गुण. दुसरी, त्या कामाशी संबंध नसलेले काहीतरी; म्हणजे जन्म, लिंग, भाषा, पैसा किंवा राहण्याचे ठिकाण. पहिल्या गोष्टीची तयारी करावी लागते. दुसरी ओळखावी लागते. ती ओळखली नाही तर विद्यार्थी व्यवस्थेतील दोष स्वतःच्या बुद्धीच्या खात्यावर लिहितो.

२. झाशी, १८५४ : राणीला वकील हवा होता

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी नात्यातील एक मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने हे दत्तविधान राज्याच्या वारसाहक्कासाठी मान्य केले नाही आणि १८५४ च्या सुरुवातीला झाशी खालसा केली.

राणी लक्ष्मीबाईंनी १८५७ च्या आधी तीन वर्षे कागदावर लढाई केली, हे आपण बहुधा विसरतो. त्यांनी कंपनी सरकारला खलिते पाठवले. त्यांतील युक्तिवाद आजच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. १८१७ च्या तहात झाशीचे राज्य रामचंद्ररावांकडे वंशपरंपरेने राहील असे म्हटले होते, त्याचा त्यांनी आधार घेतला. बुंदेलखंडातील दतिया, ओरछा व जालौन या शेजारच्या संस्थानांत दत्तक वारस मान्य झाल्याचे दाखले दिले. डलहौसीने हे दाखले बाजूला सारताना झाशीचा दर्जा वेगळा असल्याचे म्हटले. झाशी हे मुळात पेशव्यांच्या अमलाखालचे राज्य. पेशव्यांचे अधिकार कंपनीकडे आल्यामुळे वारस मान्य करणे न करणे कंपनीच्या मर्जीवर आहे, असे त्याचे म्हणणे होते.

याच सुमारास राणींनी जॉन लँग या बॅरिस्टराला बोलावले. लँगचा जन्म ऑस्ट्रेलियात १८१६ साली झाला. लंडनच्या मिडल टेंपलमधून तो बॅरिस्टर झाला आणि पुढे हिंदुस्थानात वकिली करू लागला, वृत्तपत्रही चालवू लागला. लष्कराला रसद पुरवणारे कंत्राटदार लाला जोतीप्रसाद यांच्यावर कंपनीने भरलेल्या खटल्यात त्याने १८५१ साली आग्र्याला त्यांचा बचाव केला होता. त्यामुळे त्याचे नाव झाले होते.

लँगने नंतर आपल्या प्रवासवर्णनात झाशीच्या भेटीची हकिकत लिहिली. राणींचे पत्र फारसीत होते. ते घेऊन दोघे जण आले. एक दिवंगत राजांचे अर्थमंत्री, दुसरे राणींचे मुख्य वकील. म्हणजे झाशीला वकील नव्हता असे नाही. दरबाराचा वकील होता, त्याला फारसी येत होती, प्रकरणाची खडान्‌खडा माहिती होती. पण कलकत्त्यात आणि लंडनमध्ये ज्याचे म्हणणे ऐकून घेतले जाईल असा माणूस हवा होता, आणि तो दर्जा त्या वेळी विलायती बॅरिस्टराला होता.

लँगने सल्ला दिला तो असा : राज्य परत देण्याचा अधिकार आता इथे कोणाकडे नाही, दाद विलायतेत मागावी लागेल, तोपर्यंत मिळणारे निवृत्तिवेतन आपला हक्क राखून स्वीकारावे. राणींनी झाशी देणार नाही असे त्याला ठणकावून सांगितले. पुढे विलायतेतील दादही लागली नाही. निर्णय करणारा आणि त्या निर्णयाने लाभ होणारा एकच असेल तर उत्तम वकील असूनही न्याय मिळेलच असे नाही, हा या प्रकरणाचा एक धडा. दुसरा धडा आपल्या विषयाचा आहे : ज्या समाजातील माणसांना न्यायाच्या दारातून आत जाता येत नाही, त्या समाजाला स्वतःची बाजू मांडण्यासाठी परका माणूस शोधावा लागतो.

३. ‘वकील’ शब्द आणि सनदेची पद्धत

‘वकील’ हा शब्द मराठीत फार जुना आहे. पेशव्यांचे वकील दिल्लीला, हैदराबादला असत. तिथे त्याचा अर्थ राज्याचा प्रतिनिधी, दूत असा होता. न्यायालयात पक्षकाराच्या वतीने बोलणारा, हा अर्थ इंग्रजी अमलात पक्का झाला.

बंगालमध्ये १७९३ च्या कॉर्नवॉलिसच्या नियमांनी कंपनीच्या दिवाणी अदालतींत वकिलांना सनद देण्याची पद्धत घातली. सनद फक्त हिंदू व मुसलमान यांना मिळे. १८४६ च्या कायद्याने ही धर्माची व वंशाची अट काढली आणि बॅरिस्टरांनाही या अदालतींत उभे राहण्याची मोकळीक दिली. दरम्यान १८३७ च्या कायद्याने न्यायालयांतील फारसीची सक्ती संपण्याचा मार्ग मोकळा झाला होता. एका पिढीत भाषा बदलली. आयुष्यभर फारसी शिकलेला माणूस अचानक मागे पडला आणि इंग्रजी शिकलेला पुढे गेला. त्याची हुशारी कमी झाली नव्हती, दारावरची भाषा बदलली होती.

१८६० नंतर उच्च न्यायालये स्थापन झाली. १८६५ व १८७९ च्या कायद्यांनी वकिलांचे वर्ग आणि त्यांच्या परीक्षा ठरल्या. बॅरिस्टर, वकील, प्लीडर, मुखत्यार अशी उतरंड तयार झाली. विलायतेहून बॅरिस्टर होऊन येणारा सर्वांत वर, मुखत्यार खाली. झाशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांना दिले गेले होते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. तेव्हापासून झाशीचा वकील अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. पुढची घटना याच उच्च न्यायालयाच्या परीक्षेची आहे.

४. परीक्षा उत्तीर्ण, तरी दार बंद : कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवली. विलायतेच्या शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती मात्र स्त्री असल्यामुळे त्यांना मिळाली नाही. इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली तेव्हा त्या ऑक्सफर्डला जाऊ शकल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी त्यांना लगेच मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवी देत नव्हते.

परत आल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही त्यांना सनद मिळाली नाही. कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते का, असा वाद पुढे कलकत्ता व पाटणा येथील उच्च न्यायालयांतही गेला आणि दोन्हीकडे निकाल स्त्रियांच्या विरुद्ध लागला. अखेर १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांची नोंदणी केली आणि १९२३ च्या कायद्याने स्त्री आहे म्हणून वकिलीस अपात्र ठरवण्याची प्रथा देशभर संपली.

इथे थोडे थांबून विचार करा. १८९९ ते १९२१ ही २२ वर्षे आहेत. या काळात सोराबजी स्वस्थ बसल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या, जमीनजुमला असलेल्या स्त्रियांना पुरुष वकिलाशी बोलता येत नसे. त्यांच्या मालमत्तेच्या प्रकरणांत सरकारची कायदा सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. दार उघडले तेव्हा त्या जवळजवळ ५५ वर्षांच्या होत्या. परीक्षेने त्यांची योग्यता मोजली होती. दाराने वेगळेच काही मोजले.

५. पैसा, वेळ आणि शिकवणी

कायद्याच्या परीक्षेसाठी शिकवणी वर्ग ही अलीकडची गोष्ट आहे असे अनेकांना वाटते. लोकमान्य टिळक १८७९ मध्ये एलएल.बी. झाले, पण त्यांनी वकिली केली नाही. पुढे १८९० च्या सुमारास डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर चरितार्थासाठी त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. वकिलीच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी तिथे येत. म्हणजे परीक्षा आली की तिच्या शेजारी शिकवणी येते, हा नियम जुना आहे. ज्याला शुल्क परवडते आणि जो शहरात राहतो त्याला शिकवणीचा फायदा मिळतो, हेही तेव्हापासूनच आहे.

पैशाचा अडथळा केवढा असतो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणक्रमात दिसते. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

शिक्षणात तीन वर्षांचा खंड पडला म्हणून हा विद्यार्थी मागे पडला असे कोणी म्हणणार नाही. ‘एक वर्ष वाया जाईल’ असे घरात म्हटले जाते तेव्हा हे उदाहरण आठवावे. मात्र त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. आंबेडकरांनी त्या खंडात नोकरी केली, अभ्यास चालू ठेवला, परत जाण्याची तरतूद केली. नुसते थांबणे आणि तयारी करून थांबणे यांत फरक आहे.

६. झाशीचे धुळेकर आणि भाषेचा प्रश्न

रघुनाथ विनायक धुळेकर यांचा जन्म १८९१ साली झाशीत झाला. नेवाळकरांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे वस्तीला आहेत. हे आडनावही त्याच स्थलांतराची आठवण देते. धुळेकर वकील झाले, स्वातंत्र्य चळवळीत उतरले, संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत झाशीतून निवडून गेले. झाशीत वकिली करणारे आणखी एक गृहस्थ म्हणजे ‘झाँसी की रानी’ ही हिंदी कादंबरी लिहिणारे वृंदावनलाल वर्मा. राणींना परका बॅरिस्टर बोलवावा लागला त्याच शहरातून शंभर वर्षांच्या आत देशाची घटना लिहिणाऱ्या सभेत बसणारा वकील तयार झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संविधान सभेच्या कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४६ रोजी, धुळेकर हिंदुस्थानीत बोलू लागले. अनेक सदस्यांना ही भाषा कळत नाही असे अध्यक्षांनी निदर्शनास आणले. त्यावर धुळेकरांनी उत्तर दिले की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना हिंदुस्थानात राहण्याचा अधिकार नाही. सभेत गडबड झाली. पुढची जवळजवळ तीन वर्षे भाषेचा प्रश्न सभेत धुमसत राहिला.

या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आहेत. इंग्रजीच्या दाराबद्दलची धुळेकरांची तक्रार खरी होती. कोट्यवधी लोक त्या दाराबाहेर होते. पण त्यांनी सुचवलेल्या दारामुळे दक्षिणेतले आणि पूर्वेतले सदस्य बाहेर राहिले असते. अन्याय्य दार पाडताना आपण दुसरे उभारत तर नाही ना, हे पाहावे लागते.

संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, इंग्रजी ठेवली. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपालांना उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची भाषा वापरण्याची परवानगी देता येते. अलाहाबाद उच्च न्यायालयात हिंदीला ती १९६९ मध्ये मिळाली. महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर, वकील, प्लीडर ही जुनी उतरंड मोडली आणि ‘अधिवक्ता’ असा एकच वर्ग केला.

७. राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि एकच परीक्षा

१९८० च्या दशकात पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाची कल्पना पुढे आली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात १९८८ मध्ये पहिली तुकडी बसली, डॉ. एन. आर. माधव मेनन हे त्याचे संस्थापक संचालक. पुढे अनेक राज्यांनी अशी विद्यापीठे काढली. उत्तर प्रदेशात लखनौ व प्रयागराज येथे, महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे ती आहेत.

सुरुवातीला प्रत्येक विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेई. झाशीसारख्या शहरातील विद्यार्थ्याला याचा अर्थ कळतो. झाशी दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरचे मोठे जंक्शन आहे, गाड्यांची कमतरता नाही. पण प्रत्येक परीक्षेचा वेगळा अर्ज, वेगळे शुल्क, वेगळा प्रवास, आणि दोन परीक्षा जवळजवळ आल्या तर एक सोडण्याचा निर्णय. २००६ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यातून सर्व विद्यापीठांची समाईक परीक्षा घेण्याचे ठरले आणि मे २००८ मध्ये सात विद्यापीठांसाठी पहिली ‘क्लॅट’ झाली. प्रवासखर्च आणि वेळापत्रक या गोष्टी निदान काही प्रमाणात दारावरून हटल्या.

२०२० मध्ये उलटे घडले. करोनामुळे क्लॅट वारंवार पुढे ढकलली गेली. बेंगळुरूच्या विद्यापीठाने सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वतःची वेगळी परीक्षा जाहीर केली आणि काही दिवसांतच, १२ सप्टेंबरला, ती घेतली. ती घरून, संगणकावर द्यायची होती. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२० रोजी ही परीक्षा रद्द केली. विद्यापीठांच्या संघाचा सदस्य असताना असे वेगळे होता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितलेच. शिवाय अल्प मुदतीची सूचना आणि संगणकाच्या अटी यांमुळे अनेक विद्यार्थी समान संधीला मुकले, असेही म्हटले. घरी चांगला संगणक व अखंड वीज असणे हा वकिलाचा गुण नाही, हे यातून ठरले.

भाषेचे दार मात्र अजून तिथेच आहे. क्लॅट आणि दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट या दोन्ही परीक्षा इंग्रजीत होतात. क्लॅट इतर भारतीय भाषांतही घ्यावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आली आणि भारतीय बार कौन्सिलने त्या मागणीला पाठिंबा दिला. दोन्ही बाजूंना आधार आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील अध्यापन इंग्रजीत, वरिष्ठ न्यायालयांचे काम बहुतांशी इंग्रजीत. तेव्हा इंग्रजी वाचता येणे हा लागणारा गुण आहे, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू विचारते की पदवीनंतर द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा २०११ पासून इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी अशा भाषांत घेतली गेली आहे. ज्या भाषेत उत्तर लिहून माणूस वकील होऊ शकतो, त्या भाषेत तो प्रवेश का मागू शकत नाही?

८. तुमच्यासमोरचे निर्णय

इतिहासाच्या पाठात तयारीचा सल्ला कशाला, असे वाटेल. पण वरील घटनांमधून काही उपयोगी निष्कर्ष निघतात.

(अ) परीक्षा काय मोजते ते आधी नीट पाहा. २०२० पासून क्लॅटमध्ये उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात. सध्या १२० प्रश्न आणि दोन तास असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. दिलेले तत्त्व दिलेल्या प्रसंगाला लावून दाखवावे लागते. झाशीचेच उदाहरण घ्या. तत्त्व : ‘दत्तक पुत्र खासगी मालमत्तेचा वारस होतो, अंकित राज्याचा वारस होण्यास सार्वभौम सत्तेची संमती लागते.’ प्रसंग : संमतीशिवाय राजाने दत्तक घेतला. परीक्षेतील उत्तर : मालमत्ता मिळेल, राज्य नाही. डलहौसीनेही हेच केले. राजांची खासगी मालमत्ता दत्तक पुत्राची असे त्याने मानले, राज्य मात्र घेतले. हे उत्तर निवडताना तुमचे मन खट्टू होईल, पण परीक्षेत दिलेल्या तत्त्वाशी भांडायचे नसते. इतिहासाच्या वर्गात मात्र विचारायचे असते की हे तत्त्व ठरवले कोणी आणि कोणाच्या फायद्यासाठी. चांगल्या वकिलाला दोन्ही यावे लागते. परीक्षा त्यातले पहिलेच तपासते, हे माहीत असू द्या.

(आ) एकाच दारासमोर उभे राहू नका. महाराष्ट्राची विधी प्रवेश परीक्षा इंग्रजी व मराठीत होते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी २०२२ पासून मराठी व हिंदी धरून १३ भाषांत होते आणि तिच्याद्वारेही काही विद्यापीठांत कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. झाशीतच १९७५ साली स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठात कायदा शिकता येतो. सनद देताना बार कौन्सिल मान्यताप्राप्त पदवी पाहते, प्रवेश परीक्षेतला क्रमांक पाहत नाही.

(इ) खर्चाचा हिशेब आधी मांडा. अलीकडच्या वर्षांत क्लॅटच्या अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ४००० रुपये आहे आणि अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वर्षाला दोन लाखांहून अधिक खर्च येतो. शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, वसतिगृह यांची चौकशी निकालानंतर नव्हे, अर्ज भरतानाच करावी. आंबेडकरांना अर्ध्यात परतावे लागले ते अभ्यास कमी पडल्यामुळे नव्हे, पैशामुळे.

(ई) थांबायचे असेल तर कशासाठी हे लिहून काढा. क्लॅटला वयाची वरची मर्यादा नाही. मागच्या प्रयत्नात इंग्रजी वाचनाचा वेग कमी पडला असेल तर तो वर्षभरात रोज एक अग्रलेख वाचून वाढतो. फक्त ‘यंदा नशीब नव्हते’ एवढेच कारण असेल, तर पदवीला प्रवेश घेऊन पुढे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा मार्ग धरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

(उ) मराठी किंवा हिंदी माध्यमातून आला असाल तर इंग्रजीची तयारी लवकर सुरू करा, पण आपली भाषा टाकू नका. अशिलाचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून ते न्यायालयाच्या भाषेत मांडणे, हे वकिलाचे मूळ काम आहे. झाशीच्या जिल्हा न्यायालयात येणारा शेतकरी बुंदेली बोलतो आणि सोलापूरच्या न्यायालयात येणारा मराठी. त्यांचे शब्द नेमके समजणारा वकील त्यांना हवा असतो.

९. सारांश

१७९३ मध्ये दारावर धर्म होता, १८९९ मध्ये लिंग, त्या काळात आणि नंतरही विलायतेचा खर्च, २००८ पूर्वी गावोगावचा प्रवास, २०२० मध्ये थोडे दिवस संगणक. ही प्रत्येक अट एकेकाळी स्वाभाविक वाटत होती. प्रत्येक वेळी कोणीतरी अर्ज केला, दावा लावला, नाकारले गेल्यावरही काम चालू ठेवले, आणि मग ती अट गेली. भाषेच्या अटीचे काय होईल हे तुमच्या पिढीसमोर ठरेल. तिच्या बाजूने किंवा विरुद्ध युक्तिवाद करणारे कदाचित तुमच्यातलेच असतील.

राणी लक्ष्मीबाईंकडे कागद होते, दाखले होते, मुद्दे होते. ते सत्तेच्या भाषेत मांडणारा माणूस मात्र बाहेरून आणावा लागला. प्रवेश परीक्षेची तयारी करताना कंटाळा आला, तर ही गोष्ट आठवा. तुम्ही ज्या दाराशी उभे आहात त्याच्या मागे तुमची एक जागा आहे. पण तुमच्यामुळे ज्यांचे म्हणणे ऐकले जाईल अशा अनेकांचीही ती वाट आहे.

१०. स्वाध्याय

१. राणी लक्ष्मीबाईंनी खलित्यांत दिलेले दाखले कोणते? डलहौसीने ते कोणत्या कारणाने नाकारले? तुम्ही राणींचे वकील असता तर त्या कारणाला काय उत्तर दिले असते?

२. कॉर्नेलिया सोराबजी यांच्या बाबतीत परीक्षेने मोजलेले गुण आणि सनद नाकारण्याचे कारण यांतील फरक स्पष्ट करा.

३. क्लॅट भारतीय भाषांत घ्यावी का? दोन्ही बाजूंचे प्रत्येकी तीन मुद्दे लिहा आणि १० डिसेंबर १९४६ च्या प्रसंगाच्या संदर्भात स्वतःचे मत मांडा.

४. तुमच्या जिल्ह्याच्या न्यायालयात एक दिवस बसून पाहा. अशील, वकील व न्यायाधीश कोणकोणत्या भाषांत बोलतात याची नोंद करा आणि वर्गात चर्चा करा.